'ही गो' की 'हिम गो'? एस नेमका कुठे गायब होतो आणि का

लोकलमध्ये लटकत ऐकताय, बसमध्ये बसून ऐकताय की भांडी घासता घासता, काहीही असो, आज थोडं कान देऊन ऐका. विषय व्याकरणाचा आहे. थांबा, थांबा, लगेच अंगठा पुढच्या भागाकडे नेऊ नका! आज एकही तक्ता पाठ करायचा नाहीये. उलट आजच्या अर्ध्या गोष्टी तुम्हाला आधीपासून येतात, फक्त त्या इंग्रजीत वापरायच्या असतात हे कुणी सांगितलेलं नसतं.

एका श्रोत्या मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला होता. ती विम्याच्या दाव्यांच्या फायली वाचून त्यांचा इंग्रजीत सारांश लिहिण्याचं काम करते. एका फाइलमध्ये असं होतं की पेशंटनं बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात म्हणून त्याची बायको सारखी मागे लागायची. हिनं लिहिलं, 'द वाइफ इन्सिस्ट्स दॅट ही टेक हिज टॅब्लेट्स ऑन टाइम.' तिच्या टीम लीडनं वाचलं आणि 'टेक'चं 'टेक्स' करून टाकलं. का? तर शाळेतला नियम. ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस.

तिनं मला दोन प्रश्न विचारले. पहिला, तो एस हवा होता की नको? आणि दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. ती म्हणाली, "'शी मेक्स हिम टेक हिज टॅब्लेट्स' यातही 'टेक'ला एस नसतो. मग ही दोन्ही 'टेक' एकच का? की वेगवेगळी?"

पुढे जाण्याआधी एक सूचना. आज मी 'ही' म्हणेन तेव्हा तो इंग्रजीतला 'ही' समजा, म्हणजे आपला 'तो'. नाहीतर ही ताई आणि तो दादा यांत सगळा घोळ होईल.

तर आधी दोघांची ओळख करून घेऊ.

पहिला पाहुणा, बेअर इन्फिनिटिव्ह. नाव भारदस्त आहे, पण माणूस साधा. 'टू गो', 'टू ईट', 'टू टेक' ही क्रियापदाची रूपं आपल्याला माहीत आहेत. त्यातला 'टू' काढून टाकला की उरतं ते बेअर इन्फिनिटिव्ह. नुसतं 'गो', नुसतं 'टेक'. 'आय मेड हिम गो', 'आय लेट हिम गो', 'आय सॉ हिम गो', 'ही कॅन गो', 'ही मस्ट गो'. या सगळ्या वाक्यांतला 'गो' म्हणजे बेअर इन्फिनिटिव्ह.

दुसरा पाहुणा, सबजंक्टिव्ह. 'आय सजेस्ट दॅट ही गो.' 'द डॉक्टर रिकमेंडेड दॅट ही टेक रेस्ट.' 'इट इज इसेन्शियल दॅट शी बी इन्फॉर्म्ड.' इथे 'ही' आहे, 'शी' आहे, तरी एस नाही. 'इज' नाही, सरळ 'बी' आहे. कारण ही वाक्यं काय घडतंय ते सांगत नाहीत. काय घडावं, ते सांगतात.

आता अडचण लक्षात आली ना? दोन्हीकडे शब्द तोच. 'गो' आणि 'गो'. स्पेलिंग तेच, उच्चार तोच. काळही दोघांना चिकटत नाही. 'यस्टर्डे आय सॉ हिम गो' आणि 'यस्टर्डे शी सजेस्टेड दॅट ही गो'. काल घडलं तरी 'वेंट' होत नाही. म्हणजे क्रियापदाकडे कितीही निरखून पाहिलं तरी उत्तर मिळणार नाही. चोर आणि पोलीस दोघांनी एकच शर्ट घातलाय म्हटल्यावर शर्ट बघून काय कळणार? ते उभे कुठे आहेत आणि कुणाबरोबर आहेत, ते बघावं लागणार.

भाषेचे अभ्यासकही साधारण हेच सांगतात. २००२ साली 'द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज' नावाचा जाडजूड ग्रंथ आला, हडलस्टन आणि पुलम यांचा. त्यांनी म्हटलंय की इंग्रजीत क्रियापदाचं एकच साधं रूप आहे, आणि ते आज्ञेत, सबजंक्टिव्हमध्ये आणि इन्फिनिटिव्हमध्ये, अशा तिन्ही ठिकाणी वापरलं जातं. फरक रूपात नाही, वाक्याच्या बांधणीत आहे.

पण मग हे असं झालंच कसं? दोन कामांना एकच शब्द कुणी ठरवला? कुणीच नाही ठरवला. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ही रूपं वेगळी होती. गाणं म्हणण्याचं क्रियापद घ्या. इन्फिनिटिव्ह होतं 'सिंगन', आणि 'त्यानं गावं' या अर्थाचं रूप होतं 'सिंगे'. शेपट्या वेगळ्या, त्यामुळे गोंधळच नाही. पुढच्या शतकांत शब्दांच्या शेवटचे हे उच्चार झिजत गेले. 'अन' गेला, 'ए' गेला, आणि दोन्हीकडे उरलं नुसतं 'सिंग'. नाणी खूप वर्षं हातातून फिरली की वरचे छाप पुसले जातात, तसंच. छाप गेले, पण नाण्यांची किंमत वेगळीच राहिली.

आणि आता येते आजच्या भागातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. इंग्रजीत जो छाप पुसला गेला, तो मराठीत अजून लख्ख आहे.

शाळेत मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकलेले आठवतात का? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षेत दोन मार्कांना यायचं. 'स्वार्थ'वर मागच्या बाकावरून विनोद व्हायचे. त्यातला विध्यर्थ आठवा. 'त्याने जावे', 'तिने लिहावे', 'मुलांनी खेळावे'. शेवटी 'आवे', बोलताना 'आवं'. इंग्रजीतला 'मूड' म्हणजे साधारण आपला हा 'अर्थ'.

आणि हा विध्यर्थ तुम्ही रोज वापरता. शाळेत असताना रजेचा अर्ज लिहिलाय ना? 'तरी मला दोन दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती.' लग्नपत्रिकेत असतं, 'सहकुटुंब उपस्थित राहावे.' सोसायटीच्या गेटवर पाटी असते, 'येथे गाडी लावू नये.' हे सगळं त्याच घरातलं. मिळावी, राहावे, लावू नये.

आता आपली इंग्रजी वाक्यं मराठीत टाकून बघू.

'आय सजेस्ट दॅट ही गो.' त्यानं जावं, असं मी सुचवते.
'आय मेड हिम गो.' मी त्याला जायला लावलं.
'आय लेट हिम गो.' मी त्याला जाऊ दिलं.
'आय सॉ हिम गो.' मी त्याला जाताना पाहिलं.

ऐकलंत? पहिल्यात 'त्यानं जावं'. बाकी तिन्हींत 'त्याला', आणि पुढे जायला, जाऊ, जाताना. इंग्रजीत चारही ठिकाणी एकच 'गो', मराठीत चार वेगळी रूपं! मराठी कान असलेल्या माणसाला हा फरक मुळात कळतोच. त्याला फक्त इंग्रजी वाक्यापाशी थांबून स्वतःला विचारायचंय, मला इथे 'आवं' म्हणायचंय का?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. बायको म्हणते, त्यानं गोळ्या वेळेवर घ्याव्यात. 'घ्याव्यात' आलं, म्हणजे सबजंक्टिव्ह. 'ही टेक'. एस नको. आणि 'शी मेक्स हिम टेक' म्हणजे ती त्याला घ्यायला लावते. 'त्याला' आलं, 'घ्यायला' आलं, म्हणजे बेअर इन्फिनिटिव्ह. दोन्ही 'टेक' वेगळी.

मग टीम लीडनं एस लावल्यावर काय झालं? 'द वाइफ इन्सिस्ट्स दॅट ही टेक्स हिज टॅब्लेट्स ऑन टाइम.' याचा सरळ अर्थ होतो, बायको ठासून सांगते की तो गोळ्या वेळेवर घेतो. घेतोच! म्हणजे मूळ फाइलमध्ये बायको काळजीनं मागे लागत होती, कारण हा गडी टाळाटाळ करत असणार. सारांशात तीच बायको त्याच्या नियमितपणाची साक्षीदार झाली. एका एसमुळे. आणि विम्याच्या फाइलमध्ये पेशंट औषधं घेत होता की नव्हता, हा काही किरकोळ प्रश्न नसतो. तिथे पैसे अडकलेले असतात, एखाद्या घराचं सहा महिन्यांचं गणित अडकलेलं असतं.

इथे टीम लीडच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. ब्रिटिश इंग्रजीत मागणीच्या अर्थानंसुद्धा एसवालं रूप वापरतात. तिथे 'इन्सिस्ट्स दॅट ही टेक्स'चे दोन्ही अर्थ निघू शकतात. पण म्हणूनच तर जिथे गैरसमज परवडणार नाही, तिथे एस न लावलेलं रूप कामाचं. त्याचा एकच अर्थ निघतो.

'सजेस्ट'चंही असंच आहे. 'सजेस्ट' म्हणजे दरवेळी सुचवणं नाही. 'द एक्स-रे सजेस्ट्स दॅट ही हॅज अ फ्रॅक्चर.' एक्स-रे काही सल्ला देत नाहीये की बाबा रे, तू हाड मोडून घ्यावंस! एक्स-रेवरून दिसतंय की हाड मोडलंय. म्हणून 'हॅज'. पण 'द डॉक्टर सजेस्ट्स दॅट ही बी अ‍ॅडमिटेड' म्हणजे त्याला अ‍ॅडमिट करावं. 'करावं' आलं, म्हणून 'बी'. तेव्हा 'सजेस्ट' दिसलं की डोळे मिटून एस काढायचा, असं करू नका. अर्थ बघा.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मराठी कान ठीक आहे, पण तो फसत नाही का? फसतो. दोन ठिकाणी हमखास फसतो.

पहिलं ठिकाण, 'शुड'. 'ही शुड गो' म्हणजेसुद्धा 'त्यानं जावं'. पण इथे 'जावं'चा भार 'शुड'नं उचललाय. कॅन, मे, मस्ट, शुड, विल, वुड या मंडळींच्या मागे येतं ते नेहमी बेअर इन्फिनिटिव्हच. म्हणजे बघा, 'शी सजेस्टेड दॅट ही गो' यात 'गो' सबजंक्टिव्ह. 'शी सजेस्टेड दॅट ही शुड गो' यात 'गो' बेअर इन्फिनिटिव्ह. अर्थ जवळजवळ तोच, पण मध्ये 'शुड' येऊन बसला आणि मागच्या शब्दाची जात बदलली. अमेरिकेत पहिली पद्धत जास्त चालते, ब्रिटनमध्ये 'शुड'वाली बरीच दिसते. दोन्ही बरोबर.

याचंच एक गोड उदाहरण. कुणी शिंकलं की आपण म्हणतो 'ब्लेस यू'. पूर्ण वाक्य 'गॉड ब्लेस यू'. 'ब्लेसेस' का नाही? कारण देव आशीर्वाद देतो अशी ती बातमी नाही. देवानं तुझं भलं करावं, अशी इच्छा आहे. सबजंक्टिव्ह! आणि 'मे गॉड ब्लेस यू' म्हटलं की? पुढे 'मे' आला, म्हणजे तोच 'ब्लेस' आता बेअर इन्फिनिटिव्ह. 'लाँग लिव्ह' म्हणजे आपलं 'चिरायू होवो', तेही सबजंक्टिव्ह. 'कम व्हॉट मे' म्हणजे 'काय व्हायचं ते होवो', त्यातला 'कम'ही सबजंक्टिव्ह. हे सगळे जुन्या काळातले तुकडे आहेत, जसेच्या तसे टिकून राहिलेले.

कान फसतो ते दुसरं ठिकाण, 'वाँट'. 'आय वाँट हिम टू गो.' मराठीत आपण म्हणतो, त्यानं जावं असं मला वाटतं. 'जावं' आलं. पण इंग्रजीत तिथे 'हिम' आहे आणि धडधडीत 'टू' आहे. म्हणजे हा ना आपला पहिला पाहुणा, ना दुसरा. हा चांगला कपडे घालून आलेला पूर्ण इन्फिनिटिव्ह. म्हणून मराठी कानानं आधी अंदाज घ्यायचा, आणि मग इंग्रजी वाक्यातच तो पडताळून बघायचा.

तो कसा पडताळायचा? तीन चाचण्या सांगते. फोनमध्ये लिहून ठेवा.

चाचणी पहिली, ही की हिम. क्रियापदाच्या आधीच्या माणसाकडे बघा. तो 'हिम', 'हर', 'मी', 'देम' असा असेल तर मागचा शब्द बेअर इन्फिनिटिव्ह. तो 'ही', 'शी', 'आय', 'दे' असा असेल, मध्ये शुड-मस्ट कुणी नसेल, आणि तरीही एस नसेल, तर सबजंक्टिव्ह. 'आय मेड हिम गो.' 'आय सजेस्ट ही गो.' आणि समोर 'यू' असेल तर? 'यू' कर्ता असो की कर्म, 'यू'च राहतो, लबाड आहे तो. मग त्याला बाजूला काढा आणि तिथे 'ही' किंवा 'हिम' बसवून बघा. 'आय सॉ यू लीव्ह.' इथे 'आय सॉ ही लीव्ह' बसत नाही, 'आय सॉ हिम लीव्ह' बसतं. म्हणजे बेअर इन्फिनिटिव्ह. 'आय इन्सिस्ट यू स्टे.' इथे 'इन्सिस्ट हिम स्टे' बसत नाही, 'इन्सिस्ट ही स्टे' बसतं. म्हणजे सबजंक्टिव्ह.

चाचणी दुसरी, उलटं फिरवा. म्हणजे पॅसिव्ह करा. 'दे मेड हिम गो' फिरवलं की होतं 'ही वॉज मेड टू गो'. बघितलंत? लपून बसलेला 'टू' बाहेर आला! 'आय सॉ हिम लीव्ह'चं होतं 'ही वॉज सीन टू लीव्ह'. तो मुळात इन्फिनिटिव्हच होता, फक्त 'टू' काढून बसला होता. आता 'दे सजेस्टेड दॅट ही गो' फिरवा. 'इट वॉज सजेस्टेड दॅट ही गो.' टू-बिू काही नाही. 'गो' जिथे होता तिथेच. ही चाचणी मेक, सी, हिअर यांच्यासाठी छान चालते. 'लेट' आणि 'हॅव' असे सहज फिरत नाहीत, तिथे पहिली चाचणी पुरते.

चाचणी तिसरी, नकार. ही चाचणी सबजंक्टिव्हला साध्या वाक्यापासून वेगळं काढते. साधं वाक्य असेल तर नकारात 'डझ नॉट' येतं. 'ही डझ नॉट गो', तो जात नाही. सबजंक्टिव्हमध्ये 'डू'-'डझ' येतच नाही. 'आय सजेस्ट दॅट ही नॉट गो.' त्यानं जाऊ नये, असं मी सुचवते. आपलं 'नये'! मराठीत जिथे 'नये' आलं, तिथे इंग्रजीत नुसतं 'नॉट'.

आणि एक सावधगिरी. वाक्यात नुसता 'दॅट' दिसला म्हणून सबजंक्टिव्ह समजू नका. 'आय सॉ दॅट ही वॉज टायर्ड' यात 'दॅट' आहे, पण ती बातमी आहे. तो थकला होता हे मी पाहिलं. 'आवं' कुठेच नाही. तसंच 'बी' दिसला म्हणून उड्या मारू नका. 'लेट हर बी' यातही 'बी' आहे. पण आधी 'हर' आहे. तिला राहू दे. म्हणजे बेअर इन्फिनिटिव्ह.

चला, आता तुमची पाळी. मी पाच वाक्यं सांगते. प्रत्येकानंतर जरा थांबते. वाचत असाल तर पुढच्या ओळीवर हात ठेवा, प्रामाणिकपणे!

एक. 'आय हर्ड हर सिंग.'
'हर' आहे. मी तिला गाताना ऐकलं. बेअर इन्फिनिटिव्ह.

दोन. 'इट इज इम्पॉर्टंट दॅट शी नो द ट्रूथ.'
'शी' आहे, आणि 'नोज' नाही. तिला खरं काय ते कळावं, हे महत्त्वाचं. सबजंक्टिव्ह.

तीन. 'माय मदर हॅड मी क्लीन द होल हाउस.'
'मी' म्हणजे इंग्रजीतला 'मला'. आईनं माझ्याकडून अख्खं घर साफ करून घेतलं. बेअर इन्फिनिटिव्ह. दिवाळीच्या आठवड्यात फार उपयोगी वाक्य.

चार. 'द लँडलॉर्ड इन्सिस्टेड दॅट वी लीव्ह बाय संडे.'
'वी' आहे, 'अस' नाही. 'वी'मुळे एस तसाही येत नाही, म्हणून तिथे 'ही' बसवून बघा. 'दॅट ही लीव्ह बाय संडे.' आम्ही रविवारपर्यंत घर सोडावं, असा घरमालकाचा हट्ट. सबजंक्टिव्ह.

पाच. 'शी हेल्प्ड देम फाइंड द हाउस.'
'देम'. तिनं त्यांना घर शोधायला मदत केली. बेअर इन्फिनिटिव्ह.

किती आली? तीनच्या वर आली असतील तर कॉलर ताठ करा.

आता यातून रोजच्या कामाची एक गोष्ट. आपल्याकडे खूप जण म्हणतात, 'ही सजेस्टेड मी टू जॉइन द कोर्स.' मुलाखतीत म्हणतात, ईमेलमध्ये लिहितात. मराठीतून ते इतकं सहज येतं, 'त्यानं मला कोर्स लावायला सुचवलं'. पण 'सजेस्ट'ला असा थेट माणूस चालत नाही. त्याला कल्पना लागते. म्हणून 'ही सजेस्टेड दॅट आय जॉइन द कोर्स.' मी कोर्स लावावा, असं त्यानं सुचवलं. 'अ‍ॅडव्हाइज' आणि 'आस्क' यांना मात्र माणूस आणि 'टू' दोन्ही चालतात. 'ही अ‍ॅडव्हाइज्ड मी टू जॉइन.' 'शी आस्क्ड मी टू वेट.' मग लक्षात कसं ठेवायचं? दोन टोळ्या करा.

पहिली टोळी, कल्पना मांडणारी. सजेस्ट, इन्सिस्ट, डिमांड, प्रपोज, रिकमेंड, आणि इसेन्शियल, नेसेसरी, इम्पॉर्टंट ही विशेषणं. यांच्यामागे 'दॅट', मग 'ही', मग साधं क्रियापद. सबजंक्टिव्ह.

दुसरी टोळी, माणसाला हाताला धरणारी. मेक, लेट, हॅव, सी, हिअर, वॉच, हेल्प. यांच्यामागे 'हिम', मग साधं क्रियापद. बेअर इन्फिनिटिव्ह. 'हेल्प' तेवढा दोन्हीकडून, 'टू' लावला तरी चालतो, नाही लावला तरी चालतो.

खरं तर सगळा फरक इथेच येऊन थांबतो. 'मेक' आणि 'लेट' माणसाला धरतात आणि काम घडतं. मी त्याला जायला लावलं, म्हणजे तो गेला. मी त्याला जाताना पाहिलं, म्हणजे तो गेलाच. पण त्यानं जावं असं मी सुचवलं, म्हणजे तो गेला का? माहीत नाही! कदाचित अजून गादीवर लोळत असेल. एका बाजूला घडलेली गोष्ट, दुसऱ्या बाजूला घडावी अशी वाटणारी गोष्ट. रिपोर्ट, करार, तक्रारीचा अर्ज, डॉक्टरांचं पत्र, यांत ही सरमिसळ झाली तर कुणी काय केलं आणि कुणी काय करायला हवं होतं, हेच कळेनासं होतं. आणि मग भांडणं त्याच्यावरूनच होतात.

त्यामुळे कुणी तुमचं 'ही टेक' खोडून 'ही टेक्स' केलं, तर लगेच मान खाली घालू नका. भांडूही नका. शांतपणे विचारा, "सर, तो घेतो असं म्हणायचंय, की त्यानं घ्यावं असं?" प्रश्न मराठीत विचारला तर उत्तर पाच सेकंदांत मिळतं.

आता घरचा अभ्यास. तुमच्या बिल्डिंगच्या, कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नोटीस बोर्डावरची एक मराठी सूचना घ्या, 'आवे' किंवा 'नये' असलेली, आणि तिला इंग्रजीत न्या. सुरुवात मी करून देते. 'पाहुण्यांनी येथे गाडी लावू नये, अशी सोसायटीची विनंती आहे.' इंग्रजीत, 'द सोसायटी रिक्वेस्ट्स दॅट व्हिजिटर्स नॉट पार्क हिअर.' 'नये' गेलं आणि नुसतं 'नॉट' आलं. आता तुमच्यासाठी एक. 'प्रत्येक रहिवाशाने पाणी जपून वापरावे, अशी विनंती.' 'एव्हरी रेसिडेंट'नं सुरुवात करा, आणि एस लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. उत्तर व्हॉइस मेसेजनं पाठवा, कारणासकट पाठवा. नुसतं उत्तर चालणार नाही.

पुढच्या भागात 'इफ आय वेअर यू' घेऊ. 'आय' असताना 'वॉज' न म्हणता 'वेअर' का म्हणतात, आणि आपल्या 'मी तुझ्या जागी असते तर'शी त्याचं काय नातं आहे, ते बघू. तोवर ऐकत राहा, बोलत राहा. भेटूच!